लुमीर फक्त पाय बघायचा

माझा नवरा माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाही. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, तरी बोलताना याची नजर माझ्या चपलांवर. सुरुवातीला मला वाटायचं, लाजतो बिचारा. लाजतोय कसला, पाय बघतो. आमची ओळख झाली चर्चच्या हॉलमध्ये, पोल्का नाचाच्या दिवशी. बाकीची पोरं मुलींचे झगे बघत होती आणि हा बाबा माझ्याजवळ येऊन म्हणतो, "तुझं वजन डाव्या पायावर पडतं. उजव्या गुडघ्याला कधी लागलं होतं का?" लागलं होतं. लहानपणी गायीने लाथ मारली होती. असल्या माणसाला मी हो म्हटलं म्हणजे माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं.

लुमीर कुझेला. वय एकसष्ट. दिवसभर प्लम व्हॅलीच्या सहकारी कोठारावर मक्याच्या ट्रकांचं वजन करायचा आणि ऑगस्ट लागला की साडेतीननंतर शाळेच्या मैदानावर. अठ्ठावीस वर्षं त्याने शाळेच्या फुटबॉल संघाची पुढची फळी घडवली. मुख्य कोच पाच आले नि पाच गेले. फळी मात्र लुमीरची.

आमचा फुटबॉल अमेरिकन, हेल्मेट घालून नि बॉल हातात घेऊन पळायचा. फळी म्हणजे पाच दांडगी पोरं. मधला पोरगा बॉल मागे देतो, तेवढाच त्यांचा बॉलशी संबंध. पळता डाव असेल तर समोरच्याला रेटत पुढे जायचं, म्हणजे मागून बॉल घेऊन पळणाऱ्याला वाट मिळते. फेकीचा डाव असेल तर उलट मागे सरकत भिंत करायची, म्हणजे बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला कुणी आडवं पाडत नाही. टाळ्या पळणाऱ्याला आणि फेकणाऱ्याला. फळीतल्या पोराचं नाव पेपरात कधी आलंच, तर समजायचं काहीतरी चुकलंय.

लुमीरचा जीव पळत्या डावात. "पळताना आपण मारतो, फेकताना आपण मार खातो," हे त्याचं ठरलेलं बोलणं. "दहादा मारलं की चारदा खायला काही वाटत नाही. शिवाय समोरच्याला कळत नाही की आता काय येणार, म्हणून तो दबकत येतो." मारायचं कसं, तेही ठरलेलं. आधी कपाळ, मग हात. वाकायचं, हेल्मेटचं कपाळ समोरच्याच्या छातीत घालायचं, हातांनी उचलायचं आणि पाय थांबवायचे नाहीत. लुमीर स्वतः असाच खेळला, त्याचा भाऊही असाच खेळला. गावात दुसरी रीत कुणाला ठाऊकच नव्हती.

आणि शनिवार. शुक्रवारी संध्याकाळी सामना झाला की शनिवारी सकाळी नऊला ती पाचही पोरं आमच्या तळघरात हजर. मी अंडी, सॉसेज आणि दालचिनीचे रोल करायचे. तीन ट्रे, कमी पडले तर मला टोमणे. रसायनशास्त्राचे मास्तर गोलामागच्या मचाणावरून फक्त फळीवर कॅमेरा रोखून बसायचे. मधे बटण दाबून थांबवायचा त्यांना कंटाळा, त्यामुळे दोन डावांमधलं रेंगाळणंसुद्धा सगळं कॅसेटमध्ये असायचं. ती कॅसेट लावायच्या आधी लुमीर माझा एखादा टॉवेल घ्यायचा, दोन चिमटे लावायचा आणि टीव्हीचा वरचा अर्धा भाग झाकून टाकायचा. खाली नुसते पाय. दहा बूट, समोर आणखी आठ-दहा. "हात खोटं बोलतात, तोंड खोटं बोलतं," तो पोरांना सांगायचा, "पाय खोटं बोलत नाहीत." पहिलं पाऊल केवढं पडलं, टाच उचलली का, वजन कुठं गेलं. तासन्‌तास. मी वर भांडी घासत म्हणायचे, याला पुढल्या जन्मी मोजेवाला कर रे देवा.

मग ग्रँट टिल्डन आला. नवा मुख्य कोच, ओमाहा शहरातला, वय एकतीस. माणूस वाईट नव्हता. आल्या आल्या माझ्या कोलाचींची, म्हणजे जॅम भरलेल्या गोड पावांची, एवढी स्तुती केली की मी आणखी डझनभर बांधून दिल्या. त्याच्याकडे उंच उंच तीन पोरं होती आणि लांब फेकणारा एक क्वार्टरबॅक. ऑगस्टमध्येच त्याने सांगितलं, "लुमीर, आता पळणं जवळजवळ बंद. सगळं फेकीवर."

पहिल्या सामन्यात एकोणपन्नास गुण झाले. गावाने टिल्डनला डोक्यावर घेतलं. वाण्याच्या दुकानात, न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर एकच विषय. चार सामने ओळीने जिंकले. मीही नाचले, खोटं कशाला बोलू. अठ्ठावीस वर्षं चिखलात तीन-तीन पावलं पुढे सरकणारा खेळ बघून माझेही डोळे शिणले होते.

लुमीर मात्र जेवताना गप्प. एकदा मी म्हटलं, "जिंकताय ना? मग सुतक कसलं?"

"पोरं मारतच नाहीत गं आर्लीन," तो म्हणाला. "साठ डाव झाले, त्यात पळते सात. साठातल्या त्रेपन्न वेळा ती मागे सरकतात आणि समोरचा अंगावर येतो. आता त्यांनाही कळलंय की हे पळणार नाहीत. मग कशाला दबकतील? दहा पावलांवरून धावत सुटतात."

तो टिल्डनकडे गेलासुद्धा. माझ्या देखत, मैदानाच्या कुंपणापाशी. म्हणाला, "वीस डाव तरी पळव. पोरांच्या अंगात जीव राहू दे."

टिल्डन हसून म्हणाला, "लुमीर, आपण जिंकतोय."

लुमीरने त्याच्या बुटांकडे बघितलं आणि परत आला.

पाचव्या सामन्यापासून फरक दिसायला लागला. आम्ही जिंकत होतो, पण कसेबसे. आणि शनिवारी माझ्या जिन्यावरून उतरणारी पोरं बदलली होती. आधी ही पोरं उतरायची म्हणजे घर हलायचं. एकमेकांच्या पाठीवर बसायची, एक दिवा फोडला, एक खुर्ची मोडली. "मिसेस के, काल मी त्याला असा लोळवला की तो आईला हाक मारत होता," असल्या बढाया. आता कठड्याला धरून, एकेक पायरी. खाली बसली की गप्प. सांगायला होतं काय? कुणाला लोळवलंच नव्हतं.

त्यातला डाव्या टोकाचा पोरगा कोल्बी हॉर्की. बाप कधीच सोडून गेलेला, आई रनी शाळेची बस चालवते. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकतो, म्हणजे त्याची पाठ डावीकडे. त्या पाठीची राखण कोल्बीची. समोरच्यांचा सगळ्यात चपळ माणूस त्याच्याच वाट्याला. पोरगा अबोल, सहा रोल खाणारा, ताटली स्वतः धुऊन ठेवणारा. लुमीर त्याच्यावर खूश. "असे पाय मी अठ्ठावीस वर्षांत पाहिले नाहीत," म्हणायचा. "एक पाऊल चुकत नाही." टॉवेलखालच्या त्या दोन बुटांकडे बोट करून बाकीच्यांना दाखवायचा, बघा, असं सरकायचं.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी कोल्बी जिन्यात थांबला आणि मला म्हणाला, "मिसेस के, बाथरूम कुठंय?"

तीन वर्षं दर शनिवारी येणारा पोरगा. मी म्हटलं, "का रे, आठवड्याभरात हलवली की काय मी?" सगळी हसली. तोही हसला, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. नंतर खिडकीकडे पाठ करून बसला आणि पडदा ओढायला सांगितला. मी त्यावरही काहीतरी चावट बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

महिन्याचा शेवटचा शनिवार. पुढच्या शुक्रवारपासून बाद फेरी. पोरं गेली, लुमीर कोठारावर गेला, कारण मक्याच्या हंगामात शनिवारीही ट्रक थांबत नाहीत. मी तळघरात पसारा आवरायला उतरले आणि बघते तर टीव्हीवर माझा कोंबड्यांचा टॉवेल. मावशीने हाताने भरलेला. मी तो पाहुण्यांनासुद्धा देत नाही. माझं टाळकं सटकलं. चिमटे खसकन काढले, टॉवेल ओढला. कॅसेट चालूच होती.

वरचा अर्धा भाग मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

बॉल मागे गेला. कोल्बी मागे सरकला, आणि सरकता सरकता त्याने डोकं पुढे घातलं. पाय मागे, कपाळ पुढे. समोरून तो चपळ गडी धावत आला आणि त्याने तळव्याची एक हेल्मेटवर ठेवून दिली. कोल्बीची मान मागे अशी गेली की मला वाटलं, मोडली. पाय मात्र सरकत राहिले. पुढचा डाव, तेच. त्याच्या पुढचा, तेच. मी उभीच. हातातला टॉवेल कधी गळून पडला कळलं नाही. दर वेळी तो पोरगा कपाळ पुढे न्यायचा आणि दर वेळी त्याचं डोकं मागे फेकलं जायचं, आणि खाली ते दोन बूट, ज्यांचं माझ्या घरात कौतुक चालायचं, अगदी बरोबर.

मग याहून भयंकर दिसलं. डाव संपला, सगळे आपापल्या घोळक्याकडे निघाले, आणि कोल्बी निघाला समोरच्यांच्या घोळक्याकडे. शांतपणे, घरी चालल्यासारखा. मधल्या जागेवर खेळणारा वेस्ली ड्यूब धावत गेला, त्याचा सदरा धरला, त्याला वळवलं आणि परत आणून डावीकडे उभं केलं. खांद्यावर दोनदा थापटलं. मला वाटलं, एकदा झालं असेल. चार डावांनी पुन्हा. मग पुन्हा. वेस्लीने इकडेतिकडे बघितलं, कुणी बघत तर नाही ना म्हणून. कुणीच बघत नव्हतं. सगळं गाव बॉलच्या मागे होतं.

मी कोठारावर फोन केला. "घरी ये," एवढंच म्हटलं.

लुमीर तसाच आला, अंगावर मक्याची धूळ. खाली उतरून टीव्ही बघितला आणि पहिला प्रश्न काय, "टॉवेल कुठंय?"

"बस," मी म्हटलं. "आणि आज पायांकडे बघितलंस तर माझ्याशी गाठ आहे."

मी कॅसेट पहिल्यापासून लावली. लुमीरने पाच डाव बघितले. सहाव्याला हात टोपीकडे गेला आणि तिथंच राहिला. त्याचा रंग उडाला. माझी चिडचिड कुठल्या कुठे गेली. मला त्याचीच काळजी वाटायला लागली.

"हात आधी यायला पाहिजेत," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटतच नव्हता. "मागे सरकताना डोकं मागे ठेवायचं असतं, आर्लीन, हात पुढे. कपाळ पळत्या डावात. पळताना आपण खाली वाकून जातो, समोरच्याला सवड नसते. हा उभ्याने कपाळ देतोय."

"मग सांगितलं का नाहीस त्याला?"

"मी त्यांना मागे सरकायचे पाय शिकवले," लुमीर म्हणाला. "बाकीचं शिकवलंच नाही. वाटलं, टिल्डन महिनाभरात पळत्या डावावर परत येईल."

म्हणजे बघा. टिल्डनने फेकीचा खेळ आणला, पण फळीला तो येतोय का हे विचारलं नाही. लुमीरने चिडून अर्धाच शिकवला. आणि दोघांच्या मधे त्या पोराचं डोकं.

लुमीरने वेस्लीला बोलावून घेतलं. तो दारातूनच टीव्ही बघून समजला. त्याची मान खाली.

"कधीपासून?" लुमीरने विचारलं.

"तीन सामने, कोच. आधी एखाद-दुसऱ्या वेळी व्हायचं. आता तो डाव विसरतो. मी त्याच्या खांद्यावर थापटतो. दोनदा म्हणजे फेक, एकदा म्हणजे पळ. एकदा थापटायची वेळ फारशी येत नाही."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

वेस्ली रडकुंडीला आला. "फळीतलं फळीत ठेवायचं. तुम्हीच सांगता, कोच."

हे खरं होतं. अठ्ठावीस वर्षं सांगत होता. दुखलं-खुपलं कोचकडे न्यायचं नाही, पेपरवाल्यांशी बोलायचं नाही, शेजारच्याने शेजारच्याला सांभाळायचं. मला ते कौतुकाचं वाटायचं. त्या दिवशी ऐकून मी हादरले.

दुपारी टिल्डनच्या घरी गेलो. तो उत्साहाने पुढच्या सामन्याचे कागद दाखवायला लागला. लुमीरने कॅसेट पुढे केली. टिल्डनने चार डाव बघितले आणि खाली सतरंजीवरच बसला. "मी तिकडे बघतच नाही," तो म्हणाला. "माझी नजर बॉल जाईल तिकडे." मग म्हणाला, "डॉक्टर बघेपर्यंत तो खेळणार नाही. मी सांगू का त्याला?"

"मी सांगतो," लुमीर म्हणाला.

रविवारी प्रार्थना आटोपून आम्ही रनीकडे गेलो. ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. लुमीरने तिला उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही झाकलं नाही, स्वतःचं तर मुळीच नाही. मी वाट बघत होते की ती सुरी फेकून मारेल. मारली असती तरी मी मधे पडले नसते. ती सोलत राहिली. बटाटा पार संपला तरी सोलत राहिली.

"आठवडाभर तो वासरांना दोन-दोनदा चारा घालतोय," ती शेवटी म्हणाली. "मी ओरडले त्याच्यावर. म्हटलं, लक्ष कुठं असतं तुझं, मुलींच्या नादी लागलायस का? तो म्हणाला, सॉरी मॉम. आणि तासाभराने परत घातला."

तिने सुरी धुतली, डॉक्टरांना घरीच फोन लावून दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ घ्यायला निघाली आणि कोल्बीला हाक मारली.

तो आला, टेबलाशी बसला. एवढा थोरला पोरगा, खुर्ची करकरली. लुमीर त्याच्या समोर बसला आणि त्याने कोल्बीच्या तोंडाकडे बघितलं. सरळ, डोळ्यांत. मी एकोणचाळीस वर्षांत त्याला असं कुणाकडे बघताना पाहिलं नव्हतं. मलाच कसंतरी झालं.

"कोल्बी, शुक्रवारी तू खेळायचं नाहीस," तो म्हणाला. "तुझ्या डोक्याला मार बसलाय, बरेच दिवस बसतोय. उद्या डॉक्टर बघतील. ते म्हणाले तर यापुढे कधीच नाही. चूक तुझी नाही. माझी आहे, मी तुला नीट शिकवलं नाही. पण तू मला सांगायचं होतंस रे. डोकं दुखतंय, आठवत नाही, एवढं तरी."

कोल्बीने थोडा विचार केला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही दर शनिवारी बघत होतात ना, कोच," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला दिसतंय. तुम्ही म्हणायचात बरोबर आहे, म्हणून मला वाटलं असंच असतं."

रनी फोनवर वेळ ठरवत होती, मला तिचा आवाज लांबून यावा तसा येत होता. लुमीर म्हणाला, "मला नव्हतं दिसत. मी बघतच नव्हतो."

"असू द्या, कोच," कोल्बी म्हणाला. उलट त्यानेच लुमीरच्या हातावर हात ठेवला. मग त्याने खिडकीकडे पाठ फिरवली, डोळे चोळले, आणि रनी फोन ठेवून परत येऊन बसली.

"कोच," कोल्बी म्हणाला, "शुक्रवारी मी डावीकडेच ना? त्यांचा तो गडी फार जोरात येतो म्हणे."

रनीने तोंडावर हात दाबला. मी लुमीरकडे बघितलं. तो हलला नाही, नजरही खाली गेली नाही. त्याने त्या पोराला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, तितक्याच सावकाश. शुक्रवारी खेळायचं नाही, डॉक्टर, चूक माझी, तू मला सांगायचं होतंस.

कोल्बीने पुन्हा थोडा विचार केला, आणि पुन्हा तेच उत्तर दिलं.